किडींची जवळून छायाचित्रे आणि फ्लॅशच्या प्रकाशाचे माप

पिकावरील कीड किंवा रोग ओळखण्यासाठी पूर्वी नमुना प्रत्यक्ष तज्ज्ञाकडे न्यावा लागे. पान सुकून जाई, अळी वाटेतच मरून काळी पडे आणि उत्तर येईपर्यंत हंगामातील मोलाचे दिवस हातचे जात. आज हे काम पुष्कळ अंशी छायाचित्रावर होऊ लागले आहे. २००८ साली सोयाबीनवर आलेल्या किडींच्या उद्रेकानंतर महाराष्ट्रात २००९-१० पासून पीक कीड-रोग सर्वेक्षण व सल्ला प्रकल्प, म्हणजेच क्रॉपसॅप, सुरू झाला. २०२४ साली केंद्र शासनाने राष्ट्रीय कीड सर्वेक्षण प्रणाली सुरू केली. तीत शेतकऱ्याने मोबाईलवर काढलेल्या छायाचित्रावरून कीड ओळखण्याची सोय आहे. अशा रीतीने छायाचित्र हे आता शेताच्या वतीने दिलेली साक्ष झाले आहे. साक्ष चुकली तर निवाडा चुकतो आणि येथे निवाडा चुकणे म्हणजे चुकीच्या औषधाची फवारणी, वाया गेलेला पैसा आणि तोपर्यंत हातचे गेलेले पीक होय.

गावपातळीवरून येणाऱ्या छायाचित्रांत फोकसचा दोष असतो हे सर्वांस दिसते. प्रकाशाचा दोष मात्र लवकर ध्यानात येत नाही. कीड स्पष्ट दिसत असते, परंतु जिच्यावरून ओळख पटावयाची ती खूण अधिक प्रकाशाने धुऊन गेलेली असते किंवा अंधारात बुडालेली असते. यास्तव जवळून छायाचित्र घेताना फ्लॅशचा प्रकाश किती ठेवावा आणि तो योग्य पडला की नाही हे कसे पारखावे, याची माहिती पुढे दिली आहे.

प्रकाशाच्या चुकीने काय बिघडते

सोलापूर जिल्ह्यातील अनुभवाची दोन उदाहरणे पाहू. अमेरिकन लष्करी अळी भारतात प्रथम २०१८ च्या मे महिन्यात कर्नाटकात आढळली आणि त्याच वर्षी ती सोलापूर जिल्ह्यातील मक्यावर येऊन पोहोचली. मक्याच्या पोंग्यात खोडकिडा असतो, इतर पाने खाणाऱ्या अळ्याही असतात. या साऱ्यांतून नव्या अळीला वेगळे काढावयाचे तर दोन खुणा पाहाव्या लागतात. तिच्या डोक्यावर उलट्या इंग्रजी वाय अक्षरासारखी फिकट रेघ असते आणि शेपटीकडून दुसऱ्या खंडावर चार काळे ठिपके चौकोनात मांडलेले असतात. पूर्ण वाढलेल्या अळीचे डोकेसुद्धा अडीच-तीन मिलीमीटरच रुंद असते व ते गुळगुळीत असते. समोरून फ्लॅशचा झोत पडला की त्याची पांढरी चमक नेमकी कपाळावर, म्हणजे त्या रेघेवरच, बसते. प्रकाश कमी पडला तर काळसर अंगावरील काळे ठिपके दिसत नाहीत. दोन्ही परींनी अळी दिसते, पण ओळख पटत नाही.

दुसरे उदाहरण डाळिंबाचे. तेल्या रोगाचे नावच त्याच्या तेलकट, पाणी भरल्यासारख्या दिसणाऱ्या डागांवरून पडले आहे. हा रोग जिवाणूंमुळे होतो. बुरशीमुळे पडणारे डागही वरवर पाहता तसेच भासतात, परंतु त्यांचा उपाय निराळा असतो. डाळिंबाचे पान व फळ दोन्ही तुकतुकीत. समोरून मारलेल्या फ्लॅशने निरोगी सालही तेलकट दिसू लागते आणि खरा तेलकट डाग चमकेखाली लपतो. अशा छायाचित्रावरून सल्ला देणारा कितीही जाणकार असला तरी त्याने काय करावे?

जवळून छायाचित्र घेताना प्रकाश का कमी पडतो

भिंग वस्तूच्या जवळ नेले की ज्या पट्ट्यात सर्व काही स्पष्ट दिसते तो पट्टा अतिशय अरुंद होतो. वस्तू कॅमेऱ्याच्या सेन्सरवर तिच्या मूळ आकाराइतकी उमटविली, म्हणजे एकास एक प्रमाण धरले, तर एफ/११ या अ‍ॅपर्चरवर हा पट्टा जेमतेम एक मिलीमीटर खोल असतो. म्हणून अ‍ॅपर्चर, म्हणजे भिंगातील छिद्र, लहान ठेवणे भाग पडते. छिद्र लहान म्हणजे प्रकाश कमी.

दुसरे कारण असे की, जवळच्या वस्तूसाठी भिंग सेन्सरपासून दूर सरकते आणि येणारा प्रकाश अधिक पसरून क्षीण होतो. याचा हिशेब सोपा आहे. अ‍ॅपर्चरच्या आकड्याला एक अधिक प्रमाण याने गुणावे. एकास एक प्रमाणात एफ/११ ला दोनाने गुणिले की एफ/२२ येते. म्हणजे कॅमेऱ्यावर एफ/११ लिहिलेले असले तरी प्रकाश एफ/२२ इतकाच, अर्थात एक चतुर्थांश, मिळतो. भिंगाच्या रचनेप्रमाणे यात थोडा फरक पडतो, तथापि अंदाजासाठी हा नियम पुरेसा आहे.

त्यातच वाऱ्याने पान हलत असते व अळी चालत असते, त्यामुळे शटर फार वेळ उघडे ठेवता येत नाही. म्हणून फ्लॅश लागतो.

फ्लॅशच्या शक्तीचा अंदाज

ज्या फ्लॅशची शक्ती हाताने बदलता येते त्यावर १/१, १/२, १/४, १/८ असे आकडे असतात आणि ते बहुधा १/६४ किंवा १/१२८ पर्यंत जातात. प्रत्येक पायरीला प्रकाश निम्मा होतो. येथे ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट ही की, शक्ती कमी केली म्हणजे झोताची तीव्रता नव्हे तर त्याचा काळ कमी होतो. पूर्ण शक्तीवर झोत सेकंदाच्या सुमारे हजाराव्या भागाइतका किंवा त्याहून अधिक काळ टिकतो. १/३२ शक्तीवर तो दहा हजाराव्या भागाच्या आसपास किंवा त्याहूनही अल्प असतो. म्हणून कमी शक्तीचा झोत हलत्या पानालाही जणू जागीच थांबवितो, आणि फ्लॅश पुन्हा तयार होण्यासही वेळ लागत नाही.

फ्लॅशच्या माहितीपत्रकात गाइड नंबर दिलेला असतो. आयएसओ १०० असताना या अंकाला अ‍ॅपर्चरच्या आकड्याने भागले की पूर्ण शक्तीवर वस्तू किती मीटरवर असावी हे कळते. समजा गाइड नंबर ३२ आहे. वरील हिशेबाप्रमाणे खरे अ‍ॅपर्चर एफ/२२ धरले तर अंतर सुमारे १.४५ मीटर येते. परंतु आपला फ्लॅश अळीपासून २० सेंटिमीटरवरच आहे. म्हणजे अंतर सुमारे सव्वासात पटींनी कमी झाले. अंतर निम्मे झाले की प्रकाश चौपट होतो, या नियमाने प्रकाश सुमारे ५३ पट जास्त होईल. अर्थात शक्ती १/३२ ते १/६४ यांच्या दरम्यान हवी. फ्लॅशपुढे प्रकाश मऊ करणारा पडदा लावला आणि त्याने तीन चतुर्थांश प्रकाश अडविला, तर सुमारे १/१६ पासून आरंभ करावा.

हा हिशेब आरंभापुरताच आहे. पडदा रुंद असेल आणि वस्तूच्या अगदी जवळ असेल तर अंतराचा वरील नियम तंतोतंत लागू पडत नाही. अंतरही फ्लॅशपासून नव्हे, पडद्यापासून धरावे लागते. म्हणून शेवटचा निर्णय प्रयोगानेच घ्यावयाचा असतो.

आपला तक्ता आपण तयार करावा

मोठ्या दृश्याचे छायाचित्र घेताना अंतर सारखे बदलते. जवळच्या छायाचित्रात तसे नसते. फ्लॅश भिंगाजवळ एकाच जागी बसविलेला असला, तर एका प्रमाणासाठी वस्तू, भिंग व फ्लॅश यांमधील अंतर ठरून गेलेले असते. अंतर ठरले म्हणजे प्रकाश ठरला. शिवाय कॅमेरा थोडा मागे घेतला तर फ्लॅश दूर जाऊन प्रकाश कमी होतो, परंतु त्याच वेळी भिंगात होणारी प्रकाशाची घटही कमी होते. ही दोन्ही अंगे एकमेकांस बव्हंशी तोलून धरतात. म्हणून एकदा एका दुपारी सावलीत बसून तक्ता तयार केला की तो पुढे हंगामभर उपयोगी पडतो. त्याची रीत अशी आहे :

१. कॅमेरा हाताने बदलावयाच्या पद्धतीवर ठेवावा. आयएसओ १००, अ‍ॅपर्चर एफ/११, शटर १/२०० सेकंद ठेवावे.

२. मिलीमीटरच्या खुणा असलेली पट्टी समोर धरावी. पुष्कळशा कॅमेऱ्यांचा सेन्सर सुमारे २४ मिलीमीटर रुंद असतो. अशा कॅमेऱ्यात चौकटीच्या रुंदीत पट्टीचे २४ मिलीमीटर मावले तर प्रमाण एकास एक, आणि ४८ मावले तर ते निम्मे समजावे. आपल्या सेन्सरची रुंदी माहितीपत्रकात पाहून घ्यावी.

३. आलेख कागदाच्या तुकड्यावर एक हिरवे पान व एखादा मेलेला किडा ठेवावा. फ्लॅशची शक्ती १/६४, १/३२, १/१६, १/८ अशी बदलीत चार छायाचित्रे घ्यावीत. इतर काहीही बदलू नये.

४. चारांतील जे छायाचित्र उत्तम असेल त्याची शक्ती वहीत नोंदवावी. निम्म्या प्रमाणासाठी हाच प्रयोग पुन्हा करावा.

५. प्रमाण, अ‍ॅपर्चर, पडद्याचा प्रकार व शक्ती या चार गोष्टी कागदावर लिहून तो कागद फ्लॅशच्या पाठीस चिकटवावा.

पडदा बदलला तर तक्ताही बदलतो, हे विसरू नये.

प्रकाश बरोबर पडला हे कसे ओळखावे

कॅमेऱ्याच्या पडद्यावर चित्र उजळ दिसले म्हणजे ते योग्य, असे समजू नये. उन्हात तोच पडदा काळवंडलेला दिसतो आणि गोठ्यात किंवा खोलीत तोच झगझगीत भासतो. डोळ्यांऐवजी पुढील तीन कसोट्यांवर भिस्त ठेवावी.

पहिली कसोटी आलेख कागदाची. किडीशेजारी आलेख कागदाची अरुंद पट्टी ठेवावी. चित्र मोठे करून पाहिल्यास तिच्यावरील बारीक रेघा स्पष्ट दिसल्या पाहिजेत. रेघा पांढऱ्यात विरून गेल्या असतील तर प्रकाश जास्त झाला आहे. कागद करडा दिसत असेल तर कमी पडला आहे. याच पट्टीवरून पाहणाऱ्यास किडीचा आकारही समजतो आणि रंगाची पारख करता येते.

दुसरी कसोटी हिस्टोग्रामची. हिस्टोग्राम म्हणजे चित्रात काळे, मध्यम व पांढरे भाग किती आहेत हे दाखविणारा आलेख होय. आलेख उजव्या भिंतीस जाऊन टेकला तर तेथील तपशील नष्ट झाला असे समजावे. तो पुढे कोणत्याही युक्तीने परत येत नाही. भगव्या जातीच्या डाळिंबाचे फळ घेताना लाल रंगाचा स्वतंत्र आलेख अवश्य पाहावा. एकूण आलेख ठीक दिसत असतानाही लाल रंग भिंतीला टेकलेला असू शकतो, आणि मग सालीवरील फुलकिड्यांचे खरडलेले चट्टे एकसारख्या लाल रंगात हरवून जातात.

तिसरी कसोटी फ्लॅश बंद ठेवून घेतलेल्या छायाचित्राची. सर्व काही तसेच ठेवून फ्लॅशशिवाय एक छायाचित्र घ्यावे. ते जवळजवळ काळे आले पाहिजे. तसे आले म्हणजे अळीवरील सर्व प्रकाश आपल्या हातात आहे अशी खात्री होते.

सोलापुरी उन्हाचा विचार

ही तिसरी कसोटी आपल्या भागात विशेष महत्त्वाची आहे. भर दुपारच्या स्वच्छ उन्हात आयएसओ १०० असताना एफ/१६ व १/१०० सेकंद हे दूरच्या दृश्यास योग्य एक्स्पोजर असते. एफ/११ व १/२०० सेकंद यांचा हिशेबही तितकाच होतो. एकास एक प्रमाणात त्याचा चौथा हिस्सा उरतो. म्हणजे फ्लॅश न लावताही ऊन चित्रात पाव हिस्सा प्रकाश घालीत असते. फ्लॅशचा झोत पान क्षणात थांबवितो, परंतु उन्हाचे चित्र १/२०० सेकंदभर उमटत राहते. वाऱ्याने पान हलले की एकाच अळीला दोन कडा दिसू लागतात. अशा वेळी फ्लॅशची शक्ती वाढवून भागत नाही. छत्री किंवा पोत्याची सावली धरावी, म्हणजे उन्हाचा हिस्सा नगण्य होतो.

शटरचा वेग वाढवून ऊन कमी करावे असे कोणी म्हणेल. परंतु पडद्याच्या शटरचे बहुतेक कॅमेरे फ्लॅशबरोबर १/२०० किंवा १/२५० सेकंदापर्यंतच नीट चालतात. त्याहून वेग वाढविल्यास चित्राच्या एका बाजूस काळा पट्टा येतो. या मर्यादेच्या आत शटरचा वेग बदलला तरी फ्लॅशच्या प्रकाशात फरक पडत नाही, केवळ बाहेरच्या प्रकाशात पडतो. फ्लॅशचा प्रकाश अ‍ॅपर्चर, आयएसओ, शक्ती व अंतर या चार गोष्टींवरच अवलंबून असतो.

फ्लॅशचा प्रकाश मागे फार दूर पोहोचत नाही, म्हणून किडीची पार्श्वभूमी काळी येते. काळसर किडा काळ्या पार्श्वभूमीत बुडून जातो. यास्तव दोन-चार सेंटिमीटर मागे त्याच पिकाचे एक हिरवे पान धरावे.

स्वयंचलित फ्लॅश कोठे फसतो

टीटीएल पद्धतीचा फ्लॅश भिंगातून आलेला प्रकाश मोजून आपली शक्ती आपणच ठरवितो. भिंगात होणारी घटही त्यात आपोआप धरली जाते. ही सोय चांगली असली तरी यंत्राला समोरची वस्तू काळी की पांढरी हे समजत नाही. ते प्रत्येक वस्तू मध्यम करडी समजून चालते. सीताफळावरील वा डाळिंबावरील पिठ्या ढेकूण मेणासारख्या पांढऱ्या आवरणाने झाकलेला असतो. यंत्र त्याला करडा करून टाकते. येथे फ्लॅशची भरपाई अधिक एक ठेवावी. काळे भुंगेरे किंवा काळ्या मातीवरील कीड घेताना यंत्र प्रकाश वाढविते, तेव्हा भरपाई वजा एक ठेवावी. काळ्या मातीवर पडलेली पांढरी हुमणी घेताना तर यंत्राचा तोल पुरताच जातो. माती पाहून ते प्रकाश वाढविते व अळी जळून निघते. अशा ठिकाणी आपल्या तक्त्याप्रमाणे हाताने शक्ती ठेवणेच श्रेयस्कर.

चमक टाळण्याचा उपाय

शक्ती कितीही अचूक ठेवली तरी लहान दिव्याचा झोत तुकतुकीत अंगावर पांढरा ठिपका उमटवितोच. यावर उपाय म्हणजे प्रकाशाचा उगम मोठा करणे. बटर पेपर किंवा दुधी रंगाच्या प्लॅस्टिकचा तुकडा वाकवून फ्लॅश व किडीमध्ये धरावा. तो किडीच्या जितका जवळ व जितका रुंद, तितकी चमक पसरून फिकी होते. पडदा फ्लॅशलाच चिकटवून ठेवल्यास तो लहानच राहतो व उपयोग थोडा होतो. झोत डोक्यावरून थोडा बाजूने यावा आणि दुसऱ्या बाजूस पांढरा कागद धरावा, म्हणजे सावलीतील तपशीलही दिसतो.

तेल्या रोगाच्या संशयाने पान घ्यावयाचे असल्यास दोन छायाचित्रे घ्यावीत. एक मऊ प्रकाशात समोरून, आणि दुसरे पानामागून प्रकाश सोडून. पाणी भरल्यासारखा डाग मागून येणाऱ्या प्रकाशात अर्धपारदर्शक दिसतो व त्याभोवतीचे पिवळे वलयही उठून दिसते. मागून प्रकाश घेताना शक्ती निराळी लागते, तिची नोंदही तक्त्यात करावी.

मोबाईल वापरणाऱ्यांसाठी

गावोगावी आज मोबाईलच हाताशी असतो. त्यातील दिवा कॅमेऱ्याच्या फ्लॅशइतका क्षणिक व प्रखर नसतो, म्हणून तो हालचाल थांबवू शकत नाही. शिवाय तो भिंगाच्या अगदी शेजारी असल्याने चमक सरळ परत येते. जवळून घेताना तो बंद ठेवावा. पान सावलीत धरून दुसऱ्या माणसाने बाजूने, बटर पेपरमधून, विजेरीचा किंवा दुसऱ्या मोबाईलचा प्रकाश द्यावा. पडद्यावर किडीच्या जागी बोट दाबून धरल्यास बहुतेक मोबाईलांत फोकस व प्रकाश त्या ठिकाणी स्थिर होतो. मग बोट खाली सरकवून प्रकाश थोडा कमी करावा. आलेख कागदाची कसोटी येथेही तितकीच उपयोगी आहे. व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठविताना चित्र दस्तऐवज म्हणून पाठवावे, अन्यथा ते दाबले जाऊन बारीक खुणा पुसट होतात.

पाठविण्यापूर्वी

पाठवावयाच्या प्रत्येक छायाचित्रास पुढील प्रश्न विचारावेत. आलेख कागदाच्या रेघा दिसतात काय? ओळखीची खूण, मग ती डोक्यावरील रेघ असो, ठिपके असोत वा डागाचे वलय असो, चमकेपासून मोकळी आहे काय? कडा एकच आहे की दोन? पूर्ण रोपाचे, लागण झालेल्या भागाचे व किडीचे अशी तिन्ही छायाचित्रे आहेत काय? सोबत पीक, गाव, तारीख व पिकाचे वय लिहिले आहे काय? एवढे करूनही ओळखीबद्दल शंका राहिल्यास नमुना डबीत घालून जवळच्या कृषि विज्ञान केंद्राकडे न्यावा. डाळिंबाच्या बाबतीत सोलापूरजवळ केगाव येथे २००५ साली स्थापन झालेले राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आपल्या जिल्ह्यातच आहे.

आपल्या जिल्ह्याचा शेतकरी पाणी मोजून देतो, खत मोजून टाकतो, औषधही मापानेच पाण्यात मिसळतो. त्याच सवयीने प्रकाशही मोजावा. गावपातळीवरील प्रत्येक कार्यकर्त्याने हंगामापूर्वी आपला तक्ता तयार करून ठेवावा आणि गावातील दोन-तीन तरुण शेतकऱ्यांना तो समजावून द्यावा. पोंग्यातील अळी लहान असतानाच तिची ओळख पटली तर उपाय थोडक्यात होतो. ती वाढून पोंग्यात खोल शिरली की औषध तिच्यापर्यंत पोहोचणे कठीण होते. मधले दिवस वाचविणे हे पुष्कळदा एका नीट उजळलेल्या छायाचित्रावर अवलंबून असते.